‘आपली माणसं’ ग्रुप, रविवार 25 जून 2017

दोहाची ताई: ‘कतारमध्ये अन्न संपलं, भारतीय उपाशी’ हा व्हिडिओ आईला कुणी पाठवला? रात्री फोनवर रडत होती ती. इथे सगळं मिळतंय. 5 तारखेला सौदीने सीमा बंद केली तेव्हा दुकानात झुंबड उडाली, लोक ट्रॉल्या भरभरून पाणी नि कोंबड्या नेत होते. आता सौदीच्या अलमराई डेअरीच्या जागी तुर्कस्तानचं दूध आलंय, एवढाच फरक.

आत्या: मी पाठवला. काळजी वाटली म्हणून पाठवला. एवढं तोडून बोलायला नको होतं.

मोठे काका: दोन्ही देश मुसलमान, दोन्ही सुन्नी, 1981 पासून आखाती देशांच्या एकाच संघटनेत, जीसीसीत. मग एवढं वैर कशाचं?

दुबईचे जावई: नमस्कार. कृपया या विषयावर ग्रुपवर कुणी लिहू नये.

छोटू: काका, धर्माचा प्रश्नच नाही. 2014 मध्येही सौदी, यूएई, बहरीनने राजदूत माघारी बोलावले होते, आठ महिने. राग आहे तो कतारच्या अल जझीरा वृत्तवाहिनीवर, आणि मुस्लिम ब्रदरहूड ही इस्लामी राजकीय संघटना नि इराण यांच्याशी असलेल्या त्याच्या संबंधांवर. आणि इराणशी कतार तोडणार कसं? समुद्राखालचं गॅसक्षेत्र दोघांचं सामायिक. कतारचा पैसा तिथूनच येतो. आता कतारवर बहिष्कार टाकून सौदी, यूएई वगैरेंनी 13 मागण्या ठेवल्यात, दहा दिवसांची मुदत. अल जझीरा बंद करा, तुर्कस्तानचा लष्करी तळ हलवा...

आत्या: 13? आमच्या लग्नात वरपक्षाच्याही इतक्या नव्हत्या!

छोटू: आत्या, अजून ऐक. दुधासाठी तिथला एक उद्योगपती 4000 गाई विमानाने आणणार आहे. 60 फेऱ्या.

आत्या: गाई? विमानाने?? वैरण कोण घालणार वर?

दुबईचे जावई: कृपया या विषयावर ग्रुपवर कुणी लिहू नये.

दोहाची ताई: गाईंचं सोडा. आमच्या ह्यांच्या साइटवर माल अडकलाय. जमिनीवरून यायला सौदी सीमेवरचा सल्वाचा एकच रस्ता, तो बंद. जहाजाचा माल दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरून यायचा, तेही बंद. आता ओमानमधल्या सोहारवरून फिरून येतोय. भाडं वाढलं, वेळ वाढला.

छोटू: आणि कतारचा गॅस मात्र डॉल्फिन पाइपलाइनमधून यूएईला रोज जातोय. तो ना ह्यांनी थांबवला ना त्यांनी.

मोठे काका: म्हणजे अडवायचं ते फक्त लोकांचं दूध? याला काय म्हणायचं!

दुबईचे जावई: पुन्हा विनंती. कृपया या विषयावर ग्रुपवर कुणी लिहू नये.

मोठे काका: जावईबापू, तिसऱ्यांदा तेच. मागच्या गणपतीत पत्र्यांचा हिशेब विचारला तेव्हाही ‘ग्रुपवर नको’ म्हणालात. घरात बोलायचं तरी कशावर ते सांगा.

आत्या: पत्र्यांचा विषय आता कशाला?

*दुबईचे जावई यांनी ग्रुप सोडला*

दोहाची ताई: काका!! त्यांच्याकडे, यूएईत, 7 तारखेला जाहीर झालंय. सोशल मीडियावर कतारबद्दल सहानुभूती दाखवली तर 3 ते 15 वर्षं कैद, वर कमीत कमी 5 लाख दिरहॅम दंड. नोकरी तिथे, आपली धाकटी तिथे, पोरांची शाळा तिथे. ते काय करणार?

मोठे काका: हे आधी कुणी सांगितलं नाही. आत्ता फोन लावतो. त्यावर फक्त तब्येतीचं बोलेन.

दोहाची ताई: ईदला आम्ही दुबईला जाणार होतो. तासाभराचं विमान होतं, 6 तारखेपासून बंद. मस्कतवरून जायचं तर दिवस मोडतो, तिकीटही परवडत नाही. धाकटीने माझ्या लेकीसाठी आणलेला फ्रॉक तिकडेच पडून आहे.

आत्या: गणपतीला तरी येशील ना गं?

दोहाची ताई: येणार. मुंबईचं विमान इराणवरून वळसा घालून जातं, पण जातं. 25 ऑगस्टची चतुर्थी आहे, 23 चं बघतेय. काका, धाकटीलाही त्याच दिवसाचं काढायला सांगा. मुंबईहून एकच गाडी करू.

मोठे काका: सांगतो. गाडीचं मी बघतो. आणि पत्र्यांचे पैसे मी दिलेत.

आत्या: अर्धे.