मदत हवी आहे: हडप्पाची वजनं घरी कशी बनवू?

नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला सिंधू संस्कृतीवर काहीतरी करायचंय. स्नानगृह आणि गटारं सगळेच करतात, म्हणून आम्ही वजनं निवडली. मोहेंजोदडो, हडप्पा, लोथल, धोलावीरा, इतक्या लांबलांबच्या गावांत एकाच मापाची वजनं सापडली, हेच मला भारी वाटतं. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे गुळगुळीत घासलेले घन. सर्वात लहान साधारण 0.86 ग्रॅमचं, मग दुप्पट, दुप्पट करत 1.7, 3.4, 6.8, 13.7, 27.4 असं. 13.7 चं वजन जास्त सापडतं, म्हणजे लहानाच्या सोळापट. (रुपयाचे सोळा आणे आठवलेच! संबंध असेलच असं नाही.)

आता अडचण. शाडूचे घन केले, ओले असताना अगदी बरोबर भरले, वाळल्यावर हलके झाले. शिवाय पहिल्यांदा मी दुप्पट वजनासाठी बाजूही दुप्पट केली आणि घन आठपट जड झाला! लेक अजून हसतेय. बाजू सव्वापट हवी, हे नंतर कळलं.

तर, न आक्रसणारं आणि घासून थोडं थोडं कमी करता येईल असं काय वापरू? साबण, प्लास्टर की मऊ दगड? मऊ दगड असेल तर तो कापायचा कशाने? स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, मग लहान वजनं कशी तपासू? सराफाकडे विचारलं तर चालेल का? प्रदर्शन पुढच्या शनिवारी आहे.