माल कमी आला, तर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) किती आकड्याची?

हिंगण्याचा स्टोअरकीपर
आमच्या स्टॉक मोजणीत १०० खोकी कमी निघाली. बोट अर्थातच माझ्याकडे. जुने कागद काढले तेव्हा उलगडा झाला. पीओ (खरेदीची ऑर्डर) २,००० चा, बिल २,००० चं, गाडीत आले ७६ गठ्ठे, म्हणजे २५ प्रमाणे १,९००. "बाकीचे उद्या टेम्पोनं येतात" म्हणून ऑपरेटरनं जीआरएन सरळ २,००० ची टाकली. टेम्पो आला तेव्हा ड्युटीवर दुसरा पोरगा. त्यानं चलान पाहून १०० ची नवी जीआरएन केली. कागदावर २,१००, गोदामात २,०००! सिस्टिमनंही हूं की चूं केलं नाही, कारण कुणीतरी जास्तीच्या मालाची मर्यादा १० टक्के ठेवलेली.
माझं मत: जेवढं मोजलं तेवढीच जीआरएन, उरलेलं पीओवर उघडं राहू द्या, टॉलरन्स, म्हणजे कमी-जास्तीची सूट, शून्य.

बुटीबोरी मसाला
शून्य? भाऊ, कळमन्याच्या बाजारातून सुकी मिरची मागवून पाहा एकदा. मे महिन्यात ओल उडते, वजन घटतंच. परवा ५०० किलोचे १० बोरे आले, भरले ४९०. दर वेळी साहेबांच्या मंजुरीची वाट पाहायची, तर गाडी उन्हात उभी, ड्रायव्हर हॉल्टिंग (थांबल्याचे पैसे) मागतो, हमाल निघून जातात. आम्ही वजन कमी भरण्याला २ टक्के सूट ठेवली आहे. ४९० बरोबर त्यात बसले, गाडी अर्ध्या तासात मोकळी.

हिंगण्याचा स्टोअरकीपर
वजनाच्या मालाचं मान्य. पण खोकी काय उन्हात वाळतात का? सॅप सॉफ्टवेअरमध्ये कमी-जास्तीची मर्यादा पीओच्या प्रत्येक ओळीला वेगळी देता येते. सगळ्याला एकच आकडा लावणं हा निव्वळ आळस. आणि सूट गाडी उतरवून घेण्यापुरती, पैसे मात्र आलेल्या वजनाचेच. नाहीतर समोरचा दर वेळी मोजून पावणेदोन टक्के कमी पाठवतो.

सीताबर्डीचा अकाउंटंट
जीएसटीकडे कुणीच बघत नाही का? कलम १६ प्रमाणे माल हातात आल्याशिवाय क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही, आणि एका बिलाचा माल हप्त्यांनी आला तर शेवटचा हप्ता आल्यावरच. टेम्पो महिनाअखेरीनंतर आला असता तर तुमच्या ऑपरेटरनं क्रेडिट आधीच घेतलेलं असतं. उरलेला माल येणारच नसेल तर पुरवठादाराकडून क्रेडिट नोट (बिल तेवढ्यानं कमी केल्याचा कागद) घ्या. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष आलेलं आणि बिलातलं असे दोन रकाने वेगळे ठेवायची सोय आहे, ती तरी वापरा राजेहो.

खोकीवाला
आता आमचं ऐका. मी माल देणारा, उद्यम नोंदणी असलेला लहान कारखानदार. तुमचे गठ्ठे गेटवर मोजले जातात, पण "६० कमी होते" हे मला कळतं ४० दिवसांनी, तेही मी पैशासाठी फोन केल्यावर. तोवर गठ्ठे फुटलेले, खोकी वापरलेली. मी काय मोजू? लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यात, २००६ च्या, लेखी हरकत माल पोचल्यापासून १५ दिवसांत घ्यायची आहे. नाही घेतली तर माल स्वीकारला असं धरतात आणि पैशाची मुदत माल पोचल्यापासूनच चालू. जीआरएन खुशाल १,९०० ची करा, पण त्याच दिवशी मला मेल जाऊ द्या.

हिंगण्याचा स्टोअरकीपर
हे पटलं. आमच्याकडे फरकाची नोंद होते, पण ती पर्चेसच्या स्क्रीनवर पडून राहते. पुरवठादाराला आपोआप काहीच जात नाही.

बुटीबोरी मसाला
तरी मी म्हणतो, दहा-पाच किलोसाठी एवढा पसारा परवडत नाही.

सीताबर्डीचा अकाउंटंट
त्या ४९० मध्ये बारदान (रिकाम्या बोऱ्यांचं वजन) वजा केलं होतं का?

बुटीबोरी मसाला
आत्ता काट्याची चिठ्ठी काढली. एकूण ५१०. बोऱ्याला किलो धरून गेटवर १० वजा केले, लिहिले ५००. स्टोअरच्या पोरानं एन्ट्री करताना पुन्हा १० वजा केले. मिरची पूर्ण होती. २ टक्क्यांत बसलं म्हणून कुणी पाहिलंच नाही. अडत्याला १० किलोचे पैसे द्यायचे राहिले आहेत, उद्या फोन करतो.

खोकीवाला
आजच करा.