जुन्या ऑफ-रोड गाडीची सस्पेन्शन लिफ्ट: किटबाहेरचा खर्च (अनुभव धागा)

रानवाट:
'दोन इंची किट घेतोय, बजेट तेवढंच आहे, बसेल ना?' हा लिफ्ट किटचा, म्हणजे गाडी वर उचलणाऱ्या स्प्रिंगा-शॉकअपच्या संचाचा प्रश्न परवा पुन्हा वाचनात आला आणि याच विषयावरच्या जुन्या चर्चा आठवल्या. प्रश्न दर वेळी किटचा असतो आणि पैसे संपतात ते किटच्या आजूबाजूला. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीत तर हमखास. म्हणून हा धागा. बजेटमध्ये कोणती ओळ राहून जाते, ती का लागते आणि नाही धरली तर काय बिघडतं, एवढंच लिहा. रक्कम नको, ती गाडीगणिक आणि गावागणिक बदलते.

सुरुवात मी करतो. किट मागवायच्या आधी गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि मूळ कंपनीच्या मापाशी ताडून बघा. जुन्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. गाडी ३० मिमी बसली असेल तर ५० मिमीच्या किटने ती आजच्यापेक्षा ८० मिमी वर जाईल, आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर चाकांच्या आसाला, म्हणजे अ‍ॅक्सलला नेणारा दांडा), ब्रेक होज (ब्रेकची रबरी नळी), स्टेअरिंग सगळ्यांना तो फरक एकदम सोसावा लागेल. कधी कधी तर नव्या मूळ उंचीच्या स्प्रिंगा आणि चांगले शॉकअप एवढंच पुरतं. तो पर्याय आधी तपासा.

माझा ठोकताळा: किटची जी किंमत, तेवढीच रक्कम वेगळी ठेवता येत नसेल तर किट अजून घेऊ नये.

ग्रीसगन:
शेवटच्या वाक्याला +१.
लिफ्टच्या आधी झिजणारे सांधे तपासा: बुश (सांध्यातली रबरी नळी), बॉल जॉइंट किंवा किंगपिन बेअरिंग, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग, स्टेअरिंग बॉक्सचा खेळ (ढिलेपणा). एकाला स्टेअरिंग डावी-उजवी हलवायला सांगा आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवून बघा, झिजलेला सांधा हाताला लगेच कळतो. गाडी वर गेली की दांड्यांचे कोन वाढतात, आणि आधी लपलेला खेळ ठरावीक वेगाला पुढच्या चाकांच्या थरथरीत बाहेर येतो. मग लोक स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा छोटा शॉकअप) नवा टाकतात. डॅम्परने थरथर दबते, सांधा झिजत राहतो.

पाटेकर_नाना:
पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक पट्ट्या रचलेल्या लीफ स्प्रिंगच्या गाड्यांबद्दल लिहितो.
पाट्यांचा गठ्ठा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत. ते आवळताना ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. नवे मागवताना आतली रुंदी, पायाची लांबी, वरचा वाक गोल की चौकोनी, आणि आट्याची जाडी, ही चार मापं द्या. पाटा वाढवला की गठ्ठा जाड होतो, म्हणून पाय तेवढा लांब हवा. गठ्ठ्याच्या मधून जाणारा सेंटर बोल्टही नवा. बसवल्यावर १०० किमीला आणि परत ५०० किमीला टॉर्क पान्याने तपासा. हे वगळलं तर गठ्ठा सैल होतो, सेंटर बोल्टवर कातर ताण येऊन तो तुटतो आणि अ‍ॅक्सल मागे-पुढे सरकतो.

शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) लांब करून उंची घ्यायची तर हिशोब निम्म्याचा. शॅकल दोन इंच वाढवला तर गाडी एक इंच वर. शिवाय पुढच्या अ‍ॅक्सलला शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळणाच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टेअरिंग वळणानंतर स्वतः सरळ येत नाही. शॅकल मागच्या टोकाला असेल तर उलट, कॅस्टर वाढतो पण पुढचा पिनियन (अ‍ॅक्सलच्या मधल्या डिफरन्शियलचं शाफ्ट जोडायचं टोक) खाली झुकतो.

उंचीसाठी पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये घालायचे ठोकळे म्हणजे ब्लॉक फक्त मागे. पुढच्या अ‍ॅक्सलला कधीच नाहीत, ब्रेकिंगचा सगळा पीळ तिथे येतो. एकावर एक ठोकळे तर मागेही नाहीत.

मृण्मयी_४बाय४:
नाना, जुन्याच पाट्यांना कमान चढवून घेतली तर? किटपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

पाटेकर_नाना:
ताई, थंड ठोकून चढवलेली कमान लवकर बसते. गॅसने तापवून वळवलेल्या पाट्याचा ताव जातो, तो एक तर बसतो नाहीतर तडकतो. भट्टीत तापवून, तेलात विझवून, परत ताव उतरवून देणारा कारागीर असेल तरच विचार करा. आणि त्याआधी गठ्ठा सोडून प्रत्येक पाट्यावर सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तडा आहे का बघा. तडा दिसला तर तो गठ्ठा संपला.

निळा_डोंगर:
वाचतोय. उपयुक्त धागा. कॉइल स्प्रिंगवाल्यांनी पण लिहा प्लीज.

कॅस्टर_कोन:
कॉइल + (दोन्ही चाकं एकाच आसावर असलेला) सॉलिड अ‍ॅक्सल.

पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवा सरकू न देणारा, चेसिसला जोडलेला दांडा) हा विसरलेला खर्च. गाडी वर गेली की रॉड जास्त तिरपा होतो, त्याची आडवी लांबी कमी भरते आणि अ‍ॅक्सल रॉडच्या चेसिसकडच्या टोकाच्या दिशेला सरकतो. साधारण ८०० मिमीच्या रॉडला ५० मिमी लिफ्टमध्ये सरक सेंटिमीटरच्या आत राहते, ते चालून जातं. १०० मिमी लिफ्टला ती दीड सेंटिमीटरच्या आसपास जाते, तिथे अ‍ॅडजस्टेबल रॉड किंवा माउंट ब्रॅकेट हवाच.

पण पॅनहार्डचा ब्रॅकेट बदलला आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकांना वळवणारा दांडा) तसाच ठेवला तर दोघांचे कोन जुळत नाहीत, आणि प्रत्येक खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप फिरतं. पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सचा हात) खाली घेतला आणि पॅनहार्ड तसाच ठेवला तरी तेच. दोन्ही एकत्र बदला, नाहीतर दोन्ही तसेच ठेवा.

रेडियस आर्मच्या (अ‍ॅक्सलला चेसिसशी लांबीच्या दिशेने धरणाऱ्या दांड्यांच्या) गाडीत कॅस्टर मोजून बजेट करा. आर्म ८०० मिमी आणि लिफ्ट ५० मिमी म्हणजे अ‍ॅक्सल साधारण साडेतीन अंश फिरला. मूळ कॅस्टरच तीन-चार अंश असेल तर उरलं काय? ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकलेला बुश) हा स्वस्त उपाय, पण जुने बुश काढायला प्रेस लागते आणि नवे उलट्या दिशेने बसले तर उरलासुरला कॅस्टरही जातो. खूण करून बसवा. लिफ्ट जास्त असेल तर ब्रॅकेट किंवा नवे आर्म.

रानवाट:
@कॅस्टर_कोन, हेच हवं होतं. शेवटी अलाइनमेंटचा खर्चही धरा. सॉलिड अ‍ॅक्सलला टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली) आणि कॅस्टरचा छापील आकडा घ्यायचा, 'गाडी सरळ जाते' एवढ्यावर थांबायचं नाही. आणि स्टेअरिंगचं चाक वाकडं राहिलं तर ते उपटून फिरवू नका, ड्रॅग लिंकची लांबी जुळवा. नाहीतर स्टेअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही आणि एका बाजूला चाक कमी वळतं.

सुलभा_दगडवाट:
मोबाईलवरून घाईत टंकतेय, चुका समजून घ्या.
ब्रेक होज!!! लांब होज घेतले म्हणून काम संपत नाही. जुन्या गाडीत होजचा नट आणि लोखंडी पाइप गंजून एक झालेले असतात. साधा पाना लावला की नटाचे कोपरे जातात, जोर केला की पाइपच पिळतो. मग तो पाइप नवा. म्हणून बजेटमध्ये होज + पाइप + नट + ब्रेक ऑइल + हवा काढणं. फ्लेअर नटाचा पाना वापरा, आणि आदल्या दोन-तीन दिवसांपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा.
हँडब्रेकची केबल, डिफरन्शियलची हवेची नळी आणि एबीएस असेल तर त्याची वायर पण. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबत असताना यातलं काहीही ताणलेलं दिसायला नको.

टायरपंचाईत:
सगळे स्प्रिंगांवर बोलताय, खरा खर्च टायरचा.
सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत लिफ्टने डिफरन्शियल जमिनीपासून एक मिमीही वर जात नाही. तो फक्त टायरने जातो, आणि टायरचा व्यास दोन इंच वाढला तर एक इंच. म्हणून आधी टायरचं माप ठरवा आणि ते बसायला लागेल तेवढीच लिफ्ट घ्या. उलट्या क्रमाने गेलं की सगळं दोनदा विकत घ्यावं लागतं.
आणि टायर पाच मोजा. स्टेपनी लहान ठेवली तर फोर व्हील लावून पक्क्या रस्त्यावर चालवता येत नाही, गिअर ताणले जातात. मोठी स्टेपनी मागच्या दारावर टांगली तर बिजागरीही मजबूत करावी लागते.
२९ वरून ३१ इंच केला तर स्पीडोमीटर ८० दाखवताना गाडी साडेपंच्याऐंशीला असते.
२९ वरून ३३ वर गेलात तर फायनल ड्राइव्हचा (अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या रेशोचा) विचार लागतो. ४.१० च्या रेशोला मूळचा जोर परत हवा असेल तर गणित ४.६७ येतं, म्हणजे मिळेल त्याप्रमाणे ४.५६ किंवा ४.८८. हे पुढे आणि मागे दोन्हीकडे बदलायचं, नवी बेअरिंग आणि ते नीट जुळवणारा माणूस धरून. ही एक ओळ पूर्ण किटपेक्षा मोठी होऊ शकते.

मृण्मयी_४बाय४:
बापरे. ३३ रद्द 😀

टायरपंचाईत:
३१ मध्ये पुष्कळ काम होतं ताई, खरंच.

घाटमाथा:
उंचीवरून आठवलं. पार्किंगच्या दाराची उंची मोजा हो. कॅरियरसकट. लिफ्ट + टायर + कॅरियर मिळून गाडी आत जात नाही हे नंतर कळून उपयोग नाही.
आणि घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर पायरी धरा बजेटमध्ये. प्लास्टिकची पायरी दगडाला लागली की जाते. चेसिसला बोल्टने बसणारा रॉक स्लायडर (दाराखालचा मजबूत पाइप) घेतला तर पायरीचं काम होतं आणि बॉडीची खालची कडाही वाचते.

सुलभा_दगडवाट:
घाटमाथा दादा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आईवडिलांना चढवताना कसरत होते, ती कुणी मोजत नाही.

क्रॉस_जॉइंट:
प्रोपेलर शाफ्टचं कोणीच लिहिलं नाही अजून.

लहान व्हीलबेसच्या गाडीत मागचा शाफ्ट छोटा, म्हणून त्याच लिफ्टला कोन जास्त. दोन्ही टोकांना साधा क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा जॉइंट) असेल तर गिअरबॉक्सकडचा आणि पिनियनकडचा कोन सारखा हवा, नाहीतर थरथर आणि क्रॉस लवकर जातो. गिअरबॉक्सच्या टोकाला दुहेरी क्रॉस असेल तर पिनियन शाफ्टच्या रेषेत हवा, फक्त एक-दोन अंश खाली, कारण जोर लावल्यावर तो वर उचलतो.
पाट्याच्या गाडीत मागे पाचरीने पिनियन उचलता येतो. पाचर लोखंडाची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची चिरडते. पुढे मात्र पिनियन उचलला की कॅस्टर जातो, दोन्ही एकाच नळीवर आहेत.
ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारा गिअरबॉक्स) खाली घेणारे स्पेसर स्वस्त, पण त्यांनी पोटाखालची उंची तेवढीच कमी होते.
आणि स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग) किती बाहेर आला ते बघा. फार थोडा आत उरला तर शाफ्ट लांब करून बॅलन्स करून घेणं आलं.

ग्रीसगन:
शॉकअप घेताना फक्त 'दोन इंची लिफ्टसाठी' हे वाचू नका. अ‍ॅक्सल बंप स्टॉपला (धक्का अडवणाऱ्या चेसिसखालच्या रबराला) पूर्ण टेकलेला असताना दोन माउंटमधलं अंतर मोजा. मिटलेला शॉकअप त्याहून किमान १०–१५ मिमी आखूड हवा. नाहीतर धक्का बंप स्टॉपऐवजी शॉकअप खातो आणि माउंट तुटतो. पूर्ण खाली लोंबलेलं मापही घ्या. ही दोन मापं घ्यायला कॉइल काढून अ‍ॅक्सल जॅकने वर-खाली करावा लागतो, तेव्हाच टायर आणि होजही तपासून होतात. म्हणजे क्रम असा: आधी स्प्रिंग, मग माप, मग शॉकअप.

निळा_डोंगर:
टॉर्शन बारवाल्या (पिळणाऱ्या दांड्याची स्प्रिंग असलेल्या) गाडीत तर बोल्ट आवळला की झालं ना? फुकट लिफ्ट?

कॅस्टर_कोन:
नाही भाऊ. बार आवळल्याने फक्त उभी राहण्याची जागा बदलते, एकूण प्रवास तेवढाच राहतो. जेवढी गाडी वर, तेवढं चाक खाली जायचं कमी. वरचा आर्म स्टॉपवर आपटत राहतो, सीव्ही जॉइंटचा (चाकाला जोर नेणाऱ्या सांध्याचा) कोन वाढून त्याचे रबरी बूट फाटतात. दीड-दोन इंचांच्या पुढे वरचा आर्म आणि डिफरन्शियल खाली घेणारा ब्रॅकेट धरा, आणि अलाइनमेंट तर लगेच.

मृण्मयी_४बाय४:
एक शंका. बुशचे बोल्ट गाडी गॅरेजच्या लिफ्टवर उचललेली असतानाच आवळले तर चालतं का?

पाटेकर_नाना:
नाही. रबरी बुश आतल्या नळीला चिकटवलेला असतो. चाकं लोंबत असताना आवळला की गाडी खाली आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. गाडी चाकांवर उभी करा, दोन-चारदा दाबून बसवा, मग शेवटचा टॉर्क. पॉलीयुरेथेन बुशला हे बंधन नाही, पण त्याला ग्रीस हवं, नाहीतर किरकिर.
मजुरीत हेही धरा की जुना बोल्ट बुशच्या नळीत गंजून अडकतो. तो ठोकून निघत नाही, दोन्ही बाजूंनी कापावा लागतो. म्हणजे बोल्ट नवा, बुश नवा आणि वेळ दुप्पट. बोल्ट मूळच्याच ग्रेडचा, ८.८ किंवा १०.९, डोक्यावर छापलेलं असतं.

घाटमाथा:
चेसिस पण टोकदार हातोडीने ठोकून बघा, विशेषतः हँगरच्या (पाटा चेसिसला टांगणाऱ्या ब्रॅकेटच्या) आसपास. भद्द आवाज आला तर आधी वेल्डिंग, लिफ्ट नंतर.

क्रॉस_जॉइंट:
अजून एक, फार लोकांना माहीत नाही. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली. लिफ्टनंतर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. दांडीचा ब्रॅकेट लिफ्टइतका वर घ्यावा लागतो. भाग क्षुल्लक, पण भरलेल्या गाडीत उतारावर फरक कळतो.

रानवाट:
हे मला यादीत घालायचंच होतं, आभार. हेडलाइटही खाली वळवा, समोरच्याच्या डोळ्यांत जातात. आणि आपल्याकडच्या नियमांत किती उंची चालते ते, आणि विमा कंपनीला कळवणं, हे किट मागवायच्या आधी.

सुलभा_दगडवाट:
नाना, तो टॉर्क पाना अर्धा इंच ड्राइव्हचा घेऊ की पाऊण?

पाटेकर_नाना:
अर्धा पुरतो. वापर झाला की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवा, आणि त्याने गंजलेले नट सोडवू नका. त्याला लांब दांड्याचा वेगळा पाना.