छोटी हॅचबॅक की क्रॉसओव्हर : मागच्या सीटवर खरी जागा कशात?

मधली_सीट

चार मीटरच्या आतल्या दोन गाड्यांवर निवड येऊन अडली आहे. एक मोठी हॅचबॅक, दुसरी क्रॉसओव्हर, म्हणजे एसयूव्हीसारखी उंच गाडी. चालवणाऱ्याची उंची १७८ सेंमी. मागे कायम दोन मोठी माणसं, त्यातल्या एकांचे गुडघे दुखतात. कधीकधी तिसरंही कोणी असतं. प्रवास सलग चार-पाच तासांचा. क्रॉसओव्हर उंच आहे म्हणजे आत ऐसपैस असणार असं धरलं होतं, पण प्रत्यक्ष बसल्यावर हॅचबॅकमध्ये पाय जास्त मोकळे राहतात. असं का होतं? टेस्ट ड्राइव्हच्या वेळी नेमकं काय मोजायचं?

टेप_लावून_बघा

बाहेरची उंची म्हणजे आतली जागा नव्हे. क्रॉसओव्हरच्या उंचीतला बराच भाग गाडीखालच्या मोकळ्या जागेत जातो. पायांना किती जागा मिळणार हे मुख्यतः व्हीलबेसवर (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) आणि त्यातला किती भाग प्रवाशांना दिलाय यावर ठरतं. ३९९५ मिमी लांबीच्या ह्युंदाईच्या दोन गाड्या घ्या: २०२० साली आलेल्या आय-२०चा व्हीलबेस २५८० मिमी, तर २०१९च्या व्हेन्यूचा २५००. म्हणजे हॅचबॅकच ८ सेंमी पुढे. सुझुकीच्या बलेनो आणि फ्राँक्स या दोघींचा व्हीलबेस २५२० मिमी आहे, आणि फ्राँक्सचं छत मागे उतरतं. तिथे उंच माणसाचं डोकं आधी तपासा.

माहितीपत्रकातला लेगरूम, म्हणजे पायांच्या जागेचा आकडा, सरळ आडवा मोजलेला नसतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रचलित पद्धतीत घोट्यापासून कमरेच्या सांध्यापर्यंतचं तिरकं अंतर घेतात आणि त्यात २५४ मिमी मिळवतात. हेडरूमसुद्धा (डोक्याची जागा) कमरेच्या सांध्यापासून ८ अंश मागे झुकलेल्या रेषेवर मोजून त्यात १०२ मिमी धरतात. शिवाय पुढची सीट कुठे ठेवून मोजलं हे बऱ्याचदा छापलेलंच नसतं. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका.

टेप घेऊन जा. आधी १७८ सेंमीच्या माणसाला चालवायच्या पोझिशनमध्ये बसवा: क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला, पाठ टेकलेली, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल असं. मग सीट न हलवता त्याच माणसाला मागे बसवा. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांत बंद मूठ मावली तर छान, चार बोटं मावली तर चालेल. दोनच बोटं राहिली तर लांबच्या प्रवासाला ती गाडी नको.

पावलांची जागा लोक विसरतात. पुढच्या सीटला उंचीचं ॲडजस्टमेंट असेल तर ती सगळ्यात खाली घ्या आणि मागून पाऊल आत सरकवा. बूट सीट सरकते त्या रुळाला किंवा सीटच्या चौकटीला अडला, तर गुडघ्यापुढे कितीही जागा असली तरी पाय मागे ओढूनच बसावं लागतं.

फोम_आणि_स्प्रिंग

वरचं सगळं बरोबर, पण चार तासांनंतर त्रास होतो तो बहुतेक वेळा सीटच्या बैठकीमुळे. मागच्या सीटची फ्लोअरपासूनची उंची कमी असली की गुडघे वर येतात, मांड्या कुशनवरून उचलल्या जातात आणि सगळं वजन बैठकीच्या हाडांवर पडतं. छत खाली असेल तर डोक्याला जागा मिळावी म्हणून काही गाड्यांत मागचं कुशन मुद्दाम खाली बसवतात. फ्लोअरखाली बॅटरी असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांत फ्लोअरच वर येतो, परिणाम तोच. एकाच गाडीची पेट्रोल आणि इलेक्ट्रिक आवृत्ती वेगवेगळी बसून पाहा.

तपासायचं असं: पाठ पूर्ण टेकवा, पावलं सपाट ठेवा, मांडीखाली कुशनच्या पुढच्या कडेला आडवा तळहात घाला. हात सहज आत जात असेल तर मांडीला आधार नाही. उलट बाजूही पाहा. गुडघ्यामागे आणि कुशनच्या कडेत दोन-तीन बोटं अंतर हवं. बुटक्या माणसाला लांब कुशनची कड गुडघ्यामागे रुतते, मग तो पुढे सरकतो आणि कंबर अधांतरी राहते. म्हणून जे कायम मागे बसणार आहेत त्यांनाच बसवून पाहा, बाकीच्यांचं मत कामाचं नाही.

शोरूममध्ये मऊ सीट भुरळ पाडते. कुशनच्या मधोमध गुडघा टेकवून वजन द्या. खाली चौकट किंवा स्प्रिंग लागली तर फोम पातळ आहे, तासाभरात माकडहाडाला ते कळतं. थोडी कडक, पण सगळीकडे सारखी दबणारी बैठक लांबच्या प्रवासाला केव्हाही बरी.

पुढच्या, चालकाच्या सीटबद्दल एकच गोष्ट: स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं की पुढे-मागेही? पुढे येत नसेल तर उंच चालकाला हात ताणून नाहीतर गुडघे दुमडून बसावं लागतं. हात ताणवत नाहीत म्हणून तो सीट पुढे घेतो आणि अवघडतो.

मधली_सीट

मांडीखालचा हात हॅचबॅकमध्ये आत जातो, क्रॉसओव्हरमध्ये नाही. म्हणजे एकीत गुडघ्यापुढे जागा, दुसरीत बैठक चांगली. दुखऱ्या गुडघ्यांच्या व्यक्तीला चढ-उताराचं काय? आणि तिसऱ्या माणसाचं?

टेप_लावून_बघा

मग मूठ-चाचणीत क्रॉसओव्हर चार बोटांवर पास होत असेल तर तीच घ्या. चार बोटांपलीकडची जास्तीची जागा कोणी वापरत नाही, मांडीचा आधार मात्र प्रत्येक मिनिटाला लागतो.

चढ-उतारासाठी त्या व्यक्तीला दाराशी पाठ करून उभं करा. सीटची कड मांडीच्या मागच्या बाजूला, कुल्ल्यांच्या जरा खाली लागली की शरीर खाली न टाकता, वर न चढता बसता येतं. त्याहून खाली असेल तर उठताना गुडघ्यांवर जोर येतो. पण उंबरठाही बघा: काही क्रॉसओव्हरमध्ये तो रुंद असतो आणि आतला फ्लोअर त्याच्यापेक्षा बराच खाली, त्यामुळे उतरताना पाय उचलून पलीकडे टाकावा लागतो. मागच्या दाराशी चाकाची कमान किती आत येते तेही पाहा. यासाठी क्रॉसओव्हरच हवी असं नाही. वॅगन-आर १६७५ मिमी उंच आहे आणि चढ-उतारात ती सोपी पडते.

तिघांसाठी खांद्याच्या उंचीवर दारापासून दारापर्यंत टेप लावा. मोठ्या माणसाला साधारण ४५ सेंमी लागतात, तिघांना १३५. १३०च्या आत आलं तर मधला माणूस खांदे चोरूनच बसणार. मध्ये घडीचा आर्मरेस्ट असेल तर तिथली पाठ बहुधा टणक असते, हेडरेस्ट आणि तीन-बिंदू पट्टा (खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा) आहे का तेही पाहून घ्या.

फोम_आणि_स्प्रिंग

एक भर. टेस्ट ड्राइव्हला निम्मा वेळ मागे बसा, आणि गतिरोधकावरून जायला सांगा. उंच गाडीचं डोलणं आवरायला स्प्रिंग कडक ठेवल्या असतील तर आदळणं मागच्या ॲक्सलजवळ बसणाऱ्याला जास्त लागतं. निघण्यापूर्वी चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे टायरमधली हवा तपासून घ्या, डेमो गाडीत ती जास्त असली तर चांगलं सस्पेन्शनही कडक वाटतं.