गोष्टीतला प्रसंग एआयकडून रंगवून घेताना : तुमचे अनुभव सांगा

कथा-कादंबरीतला प्रसंग एआयला सांगून चित्र काढून घ्यायचा नाद बऱ्याच जणांना लागलाय. चॅटजीपीटी, जेमिनी, मिडजर्नी, काहीही असो. आपल्या सोलापूरकडच्या गोष्टी त्याच्या गळी कशा उतरवल्या, काय जमलं, काय शेवटपर्यंत जमलं नाही, ते लिहा. काय सांगितल्यावर काय आलं तेही लिहिलंत तर उत्तम. नुसतं 'लय भारी' किंवा 'सगळं थोतांड' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

अशोक चौकाकडून, हौशी कथालेखक

माझ्या कथेचा नायक रात्रपाळीचा यंत्रमाग कामगार. 'सोलापुरातला विणकर' एवढंच सांगितलं, तर खिडकीतून सोनेरी ऊन, हातमाग आणि त्यावर पांढऱ्या दाढीचा म्हातारा. पर्यटनाच्या कॅलेंडरसारखं एकदम. आमच्या शेडमध्ये कुठलं आलंय सोनेरी ऊन! मग नावं सोडली आणि डोळ्यांपुढे जे होतं ते सांगत गेलो. पत्र्याची शेड, लोखंडी मागांच्या दोन रांगा, मधून एकच माणूस जाईल एवढी वाट, ट्यूबलाइट, वायरींवर साचलेला कापसाचा भुगा, बनियन-लुंगीतला तिशीचा माणूस, त्याच्या पापण्यांवर तंतू. तेव्हा कुठे आमची रात्रपाळी उतरली. पापण्या तर अशा आल्या की बायकोनं विचारलं, हा फोटो कुणाचा?

माग जवळून बघितला की मात्र गंमत. ताण्याचे म्हणजे उभे धागे बीमच्या रुळावरून निघतात आणि मध्येच विरून जातात, आडवा धागा नेणारा धोटा भलतीकडंच. यातली बरीच मॉडेलं ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि तो टप्प्याटप्प्यानं कमी करत चित्रापर्यंत येतात. माग दिसतो कसा हे त्यांना ढिगानं फोटो बघून कळलंय, चालतो कसा हे नाही. वडिलांची हयात मागावर गेली. त्यांनी चष्मा वर करून मोबाइल धरला न म्हणाले, "ह्याच्यावर चादर नाही निघायची, नुसता आवाज निघंल." वाक्य उचलून कथेत टाकलंय.

जुळे सोलापूर, प्राथमिक शिक्षिका

मुलं वर्गात गोष्ट रचतात, मी मोफत ॲपवर चित्र काढून दाखवते. एका गोष्टीत 'गावात एकही झाड नव्हतं'. चित्रात झाडंच झाडं! झाडाचं नाव काढलं की ते उगवणारच. त्यापेक्षा 'उघडं माळरान, खडक, धूळ, वाळलेलं गवत' असं लिहिलं की नान्नजच्या माळासारखं काहीतरी येतं. मग मुलांना त्यात माळढोक पक्षी हवा झाला. आला तो अर्धा मोर, अर्धा शहामृग. पोरं त्याच्यावरच खूश, गोष्टच बदलली. शाळा सुटल्याचं दाखवायचं तर घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं, कारण जाहिरातींतली घड्याळं बहुतेक तीच वेळ दाखवतात. फळ्यावरचं मराठी मी मागतच नाही, जोडाक्षरांची पार वाट लागते. फळा कोरा घ्यायचा आणि प्रिंटवर पेनानं लिहायचं. आणि एक, मुलांचे फोटो मी कधीही चढवत नाही.

कॉलेजवाला

आमची भयकथा गड्ड्यातली, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतली बे. नंदीध्वज म्हटलं तर पाठीवर झेंडा बांधलेला बैल आला. 'उंच सजवलेली काठी, बाराबंदी घातलेला माणूस ती कमरेला तोलून धरतो, मागं तळं आणि देऊळ' असं फोडून सांगितल्यावर जवळपास जमलं. डोक्याला ताप म्हणजे हिरॉइन. दर चित्रात नवी पोरगी! तिचं एक चित्र पक्कं करायचं आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेच जोडायचं. स्टेबल डिफ्यूजन नावाचं चित्रं काढणारं मॉडेल स्वतःच्या पीसीवर चालतं, ग्राफिक कार्ड पायजे फक्त.

सात रस्ता, निवृत्त

१९३०च्या सोलापुरावर दीर्घकथा लिहितोय. त्या वर्षी आपल्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज लागला, मे महिन्यात मार्शल लॉ आला. माझ्या गोष्टीत एक पोरगा सदऱ्यात झेंडा लपवून नेतो. यंत्र दर वेळी अशोकचक्राचा तिरंगा देई. तो तर स्वीकारला २२ जुलै १९४७ला! १९३०च्या झेंड्यावर वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि चरखा. हे लिहून दिलं तर चरख्याऐवजी बैलगाडीचं चाक. शेवटी नातवाच्या रंगपेटीनं कागदावर झेंडा काढला, फोटो जोडला, तेव्हा ऐकलं. सांगायचं असं की तपशिलाची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका, ते खोटंही तितक्याच ऐटीत रंगवतं.

१२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं चित्र मी करवून घेतलं नाही, घेणारही नाही. यंत्रानं दिलेला चेहरा उद्या लोक खरा म्हणून फिरवतील. काल्पनिक पोराचं काय, त्याला कुठलाही चेहरा चालतो.

रेखाटनं करणारा

वरचं वाचून मजा आली, पण माझंही ऐका. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा फोन केला तो 'एआयवर काढलंय, हात तेवढे नीट करून द्या' असं सांगायला. पैसे हातांपुरतेच. ज्या चित्रांवर ही यंत्रं शिकली त्यांच्या चित्रकारांना कुणी विचारलं होतं? अमेरिकेत जानेवारी २०२३मध्ये तीन चित्रकारांनी याच मुद्द्यावर कंपन्यांना कोर्टात खेचलंय. घरच्या हौसेला माझी ना नाही, पैसे घेऊन विकायच्या अंकाची गोष्ट वेगळी. शिवाय कथाचित्रात काय दाखवायचं नाही हे आधी ठरतं. कथेत शेवटी विहिरीत प्रेत सापडणार असेल, तर मी पहिल्या पानावर रहाट काढीन. यंत्राला अख्खी कथा द्या, ते थेट प्रेतच काढून ठेवतं.

रेल्वे लाइन्स, गृहिणी

माझं छोटंसं. कथेत सासू-सून रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला बसतात. पापडासारखी पातळ, टिकाऊ, कुरकुरीत, भाजल्याचे डाग, सगळं सांगून झालं. कधी नान येतो, कधी पिझ्झा. आणि चटणीची पातळ आमटी! शेवटी दोघींना जेवून उठवलं, एक हात धुतेय आणि दुसरी ताटं उचलतेय. चटणीचा डबा आहे, झाकण लावलेला.