विषय: आप्पांची गाडी घरी चार्ज होत नाही, पोर्ट बदलावा का?

नमस्कार मंडळी,

आखाजीला माहेरी, यावलला आले आहे. अंगणात झोका बांधला आहे, वहिनी खापरावर पुरणपोळ्या करते आहे आणि आप्पा मात्र पडवीत गाडीकडे बघत बसलेले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. केळीच्या कामासाठी रोज सावदा, भुसावळ फेरी असते. गेल्या पंधरा दिवसांपासून ती घरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होत नाही. आधी एखाद्या रात्री बंद पडायची, आता तर प्लग लावला की चार्जिंग केबलवरच्या डब्यावर लाल दिवा लागतो. शेजारची आजी रोज विचारते, "गाडीले काय व्हयनं?"

सर्व्हिसवाल्यांनी लॅपटॉप जोडून बिघाडाचा कोड वाचला आणि "चार्जिंग पोर्ट गेला, पूर्ण बदलावा लागेल" म्हणून २८ हजारांचं एस्टिमेट दिलं. भुसावळला हायवेवरच्या फास्ट चार्जरवर गाडी व्यवस्थित चार्ज होते. मग पोर्ट गेला कसा? आपल्या मंडळात या क्षेत्रातले लोक आहेत म्हणून विचारते. आप्पांना विचारलं की "जाऊ दे, बदलून टाकू" म्हणतात, पण त्यांच्या पैशाला माझा जीव तुटतो.

– यावलची लेक, मुक्काम लंडन

---

ताई, राम राम.

एस्टिमेटवर सही करू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य भुसावळचं आहे.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना वर घरच्या एसी चार्जिंगचा टाइप टू आणि खाली फास्ट चार्जिंगच्या डीसीच्या दोन जाड पिना असा जोडपोर्ट असतो. फास्ट चार्जिंगला वीज खालच्या पिनांतून जाते, पण गाडी आणि चार्जर यांचं बोलणं वरच्या बारीक सीपी (कंट्रोल पायलट) पिनेतूनच होतं आणि अर्थची पीई पीनही दोन्हींना एकच. भुसावळला चार्जिंग होतं म्हणजे सीपी, पीई, प्लग आत धरून ठेवणारं लॉक, हे सगळं शाबूत असणार. उरतात घरच्या चार्जिंगला लागणाऱ्या फेज आणि न्यूट्रलच्या पिना, घरच्या एसी विजेची डीसी करणारा गाडीतला ऑनबोर्ड चार्जर, केबलचा डबा आणि तुमचं घर. चारपैकी एकच गोष्ट पोर्टची आहे.

हे बोलणं चालतं असं. डबा सीपीवर १२ व्होल्ट ठेवतो. प्लग लावला की गाडीतल्या २७०० ओहमच्या रेझिस्टरमुळे ते ९ वर येतात. गाडी वीज घ्यायला तयार झाली की आणखी एक रेझिस्टर जोडते आणि ६ होतात, तेव्हाच डब्यातला वीज जोडणारा रिले 'टक्' करून मिटतो. त्याच तारेवर सेकंदाला हजार ठोके चालू असतात. ठोका जितका रुंद तितका करंट: १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, २५ टक्के म्हणजे १५. आता डब्याला घरात काही खोट दिसली तर तो हे सिग्नल काढून घेतो. गाडीला एवढंच कळतं की पोर्टवरून बोलणं तुटलं, आणि ती तसा कोड लिहून ठेवते. कोड वाचणाऱ्याने तिथेच थांबून पोर्टचं बिल केलं.

तर आज दोन कामं करा. प्लग काढून टॉर्चने पोर्टात बघा. पिना चांदीसारख्या चकचकीत हव्यात. एखादी तपकिरी-काळी पडली असेल, भोवतीचं प्लास्टिक वितळलं असेल, हिरवट गंज असेल तर लगेच कळवा. तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती बुजली आहेत का तेही बघा. कापसाचे तंतू आणि आपल्याकडची धूळ तिथे घट्ट बसते. पिनांना पॉलिश पेपर लावू नका, वरचा चांदीचा थर निघून जातो. तेल, ग्रीसही नको. खालच्या दोन पिनांत मीटरच्या सुया घालू नका आणि मोठ्या व्होल्टेजच्या केशरी वायरला हात नको.

दुसरं म्हणजे हीच केबल आणि हीच गाडी घेऊन, अर्थिंगची खात्री असलेल्या दुसऱ्या घरी लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

– धुळेकर, मुक्काम म्युनिक

---

ताई, मी अमेरिकेत आहे, इथल्या बहुतेक गाड्यांचे पोर्ट वेगळे असतात, त्यामुळे पिनांबद्दल बोलत नाही. मात्र १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चार्जिंग सुरू करत नाही. आणि कोणी चार्जिंगचा टायमर लावून ठेवला नाही ना?

– अमळनेरकर, न्यू जर्सी

---

दादा, काका, दोघांचे आभार.

टायमर नाही, छोटी बॅटरी १२.६ दाखवते. पोर्टात धूळ होती, कोरड्या मऊ ब्रशने काढली. पिना सगळ्या स्वच्छ, काळं काही नाही. फैजपूरला मामांच्या घरी केबल लावली आणि गाडी दोन तास सलग चार्ज झाली! आप्पांचा चेहरा बघायला हवा होता.

पण घरी वायरमनने मीटर लावला तर फेज आणि अर्थमध्ये २२६ व्होल्ट येतात. तो म्हणतो अर्थिंग चांगलं आहे, डबाच बावळट आहे. त्याचं म्हणणं, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थला एक तार जोडून देतो, लाल दिवा जाईल, सगळे असंच करतात. उद्या सकाळी येणार आहे.

---

ताई, हे आधी वाचा. त्याला ती तार जोडू देऊ नका. कृपा करून नाही.

लाल दिवा खरंच जाईल. पण मग गाडीचा लोखंडी सांगाडा तुमच्या न्यूट्रलला बांधलेला असेल. खांबापासून घरापर्यंत कुठेही न्यूट्रल तुटला, आणि वळवाच्या वादळात तो तुटतो हे यावलकरांना सांगायला नको, तर घरातल्या चालू उपकरणातून २३० व्होल्ट न्यूट्रलच्या तारेवर आणि तिथून गाडीच्या दारावर येतील. ओल्या अंगणात अनवाणी पोरगं दाराला हात लावेल. डबा बावळट नाही. त्याला अर्थिंग कच्चं दिसत असणार, आणि नेमकं असं काही होऊ नये म्हणून तो अडून बसला आहे.

आता त्या २२६ चं. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे अर्थची तार एका केसाने टेकलेली असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. अर्थिंग करंट वाहून नेईल का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो, तो कोणाकडून तरी मागवा. आणि मला सांगा, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? त्यात पाणी घालतं का कोणी?

– धुळेकर

---

दादा,

या प्रश्नावर आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग उठून अंगणाच्या कोपऱ्यात गेले आणि काठीने फरशी ठोकून म्हणाले, "इथे होता."

मागच्या दिवाळीला अंगणात काँक्रीट करून फरशी घातली, तेव्हा खड्डा खालीच गाडला गेला. आधी आई तुळशीला पाणी घालताना उरलेला तांब्या त्यात ओतायची. पावसाचं पाणीही मुरायचं. फरशी झाल्यापासून एक थेंब आत गेला नाही, आणि हा तिथला पहिलाच उन्हाळा. आपली काळी माती वाळली की कशी भेगाळते, पाइपापासून सुटून गेली असणार. जळगावहून बोलावून आणलेल्या माणसाने टेस्टर लावला: ६०० ओहमच्या वर. फरशीचा एक चौकोन फोडला तर पाइपाची क्लँपही गंजून हातात आली.

जुना खड्डा सोडून विहिरीच्या बाजूला नवीन घेतला. दहा फुटी जीआय पाइप, कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. सॉकेटही उघडून बघितलं, तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि तारेचं इन्सुलेशन तपकिरी झालेलं. आणखी एक उन्हाळा गेला असता तर प्लगच वितळला असता. सॉकेट नवीन टाकलं, करंट गळला की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावली. टेस्टर आता ४ ओहम दाखवतो. वायरमनदादाही सगळं शेवटपर्यंत उभे राहून बघत होते, टेस्टर कुठे मिळतो ते विचारून गेले.

काल रात्री दहाला प्लग लावला. हिरवा दिवा. अकराला आणि एकला उठून प्लगवर हात ठेवून बघितला, कोमट होता, गरम नाही. पहाटे गाडी ९६ टक्के. आप्पा सहा वाजताच सावद्याला गेले.

नरसाळ्यात रोज सकाळी दोन तांबे घालायचं काम आईने स्वतःकडे घेतलं आहे.

– यावलची लेक