ठाणं सुटलं की धडधड. गोळी घेऊ की नको?

खिडकीची_जागा:
वय ३४, रोज डोंबिवली ते भायखळा. दोन महिन्यांत तीनदा फास्ट लोकलमध्ये झालं. ठाणं सुटलं की छातीत धडधड, बोटांना मुंग्या, आता मी जाणारच असं वाटतं. पहिल्या वेळी घाटकोपरला उतरून थेट कॅज्युअल्टी गाठली. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका," म्हणाले. (मी काय हौसेने घेते?) आता मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डर (अचानक प्रचंड भीतीचे झटके येणं) सांगून एस्सिटालोप्राम ५ मिग्रॅ रोज आणि क्लोनाझेपाम 'अगदीच लागली तर' असं दिलंय. सासूबाई म्हणतात, सवय लागेल, प्राणायाम कर. चिठ्ठी चार दिवस पर्समध्येच आहे.

जुना_पेशंट:
ताई, या दोन गोळ्यांना एका मापाने मोजू नका. एस्सिटालोप्राम ही चिंता-नैराश्यावरची रोजची गोळी, झोपेची नाही. गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता उलट वाढू शकते. मी पाचव्या दिवशी वैतागून सोडली होती, मूर्खपणा. सवय लागते ती क्लोनाझेपामची, म्हणजे तेवढ्यापुरतं शांत करणाऱ्या गोळीची. गंमत अशी, की झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन उतरायला लागतो. गोळी अंगात भिनेपर्यंत तो बहुतेक ओसरलेला असतो, श्रेय मात्र गोळीला! माझ्या पाकिटात ती स्ट्रिप दोन वर्षं होती. आत भुगा झाला होता, तरी ती चाचपल्याशिवाय पाय घराबाहेर पडत नसे.

मला खरा फरक पडला तो सीबीटीने, म्हणजे भीतीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीने. तिसऱ्या बैठकीत थेरपिस्टबाईंनी फिरत्या खुर्चीत बसवून मिनिटभर गरगर फिरवलं. पुढच्या वेळी नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, मग भराभर श्वास. बोटांना त्याच मुंग्या! भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून त्या येतात. हे मी आधी दहादा वाचलं होतं, पटलं त्या खुर्चीत. (घरी एकट्याने करू नका, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मुळीच नाही.) त्यानंतर प्रवास: आधी एक स्टेशन, मग दोन.

ओपीडी_क्रमांक_९:
वरच्यांशी सहमत. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. सहसा त्यानंतरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून हळूहळू कमी करतात. दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. प्राणायाम करा की, पण भस्त्रिका-कपालभाती सध्या नको, त्यात श्वास भराभर होतो. श्वास सावकाश सोडण्यावर भर द्या. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात.

खिडकीची_जागा:
काल रात्री पहिली घेतली. सकाळपासून मळमळतंय. सासूबाईंनी न बोलता आल्याचा तुकडा मीठ लावून हातावर ठेवला. उद्या स्लो पकडते.

जुना_पेशंट:
पकडा. पण पास फास्टवाल्यांचाच समजा, महिन्याभराने विचारणार आहे.